कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’: जहाज मनात भरलं, आता कोकणात थांबायला हवं

संध्याकाळी पाचच्या सुमारास मुंबई सोडलेलं जहाज रात्री एक-दोनच्या दरम्यान रत्नागिरीसमोरून जातं. पहाटे पाचच्या आसपास मालवण मागे पडतं आणि न्याहारीच्या वेळेला मुरगावचा धक्का येतो. कॉर्डेलिया क्रूझेसच्या मुंबई-गोवा फेरीचं सगळं सुख या वेळापत्रकात आहे, आणि आमची एकच मोठी मागणीही त्यातच आहे. मुंबईतल्या ज्या मराठी माणसांनी ही फेरी केली त्यांतल्या कितीतरी जणांचं गाव त्या रात्री अंथरुणात असताना बाजूने निघून गेलं. जहाज उत्तम चालतं, लोकांना आवडतं, म्हणूनच ते घराजवळ का थांबत नाही याचा हिशेब नीट मांडण्यासारखा आहे.

आधी जहाजाबद्दल, कारण पुढचा सगळा मुद्दा त्याच्या बांधणीतून निघतो.

‘एम्प्रेस’ १९९० साली फ्रान्समधल्या सेंट-नझेरच्या गोदीत ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधली गेली, रॉयल कॅरिबियन कंपनीसाठी. लांबी साधारण २११ मीटर, सकल टनभार ४८ हजारांच्या वर, खोल्या आठशेच्या जवळपास. हे जहाज बांधलंच गेलं ते मायामीहून बहामाला जाऊन तीन-चार दिवसांत परतणाऱ्या छोट्या फेऱ्यांसाठी. आठवडाभर राहायचं नाही म्हणून खोल्या लहान आणि कपाटं बेताची ठेवली. वाचलेली जागा नाट्यगृह, बार, मोकळे डेक आणि मधल्या उंच काचेरी चौकाला मिळाली. आपल्याकडे ही बोट सप्टेंबर २०२१ पासून चालते आहे. आजच्या महाकाय क्रूझ जहाजांपुढे ती लहान दिसते, पण आपल्या किनाऱ्यासाठी हा लहानपणा हाच तिचा मोठा गुण आहे. पाण्याखाली ती जेमतेम ७ मीटर बसते.

चढण्याची जागा म्हणजे बॅलार्ड पिअर. तिथलं नवं मुंबई इंटरनॅशनल क्रूझ टर्मिनल २० सप्टेंबर २०२५ रोजी औपचारिकपणे सुरू झालं. ठाणे-डोंबिवलीकडून येणाऱ्यांनी सीएसएमटीला उतरून टॅक्सी करावी. अंतर थोडं आहे, पण चाकाची बॅग घेऊन बॅलार्ड इस्टेटातून दुपारच्या उन्हात चालण्यात काही मजा नाही. पश्चिम उपनगरांतून येणाऱ्यांना आता मेट्रो-३ बरी पडते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यापासून अंधेरी-मरोळकडच्या प्रवाशाला दादरची गर्दी टाळून थेट सीएसएमटी गाठता येतं.

वेब चेक-इन घरून करूनच निघा. इथे सर्वांत जास्त घोळ होतो तो नावाचा. तिकिटावर ‘सुनीता पाटील’, आधारवर ‘सुनीता रमेश पाटील’ आणि मतदार ओळखपत्रावर माहेरचं आडनाव असेल, तर खिडकीवर अर्धा तास जातो. तिकीट काढतानाच जे ओळखपत्र नेणार आहात त्यावरचं नाव अक्षर न् अक्षर घाला. गोवा, कोची, लक्षद्वीप या देशांतर्गत फेऱ्यांना भारतीय प्रवाशाला पासपोर्ट लागत नाही. मात्र मूळ ओळखपत्र लागतं, मोबाइलमधला फोटो नव्हे. लक्षद्वीपच्या फेरीत प्रवेश परवान्यासाठीची माहिती आधी भरावी लागते, ती आदल्या रात्रीवर ढकलू नका. गरोदर बाईने २४ आठवड्यांच्या पुढे आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेऊन बुकिंग करण्याआधी कंपनीला विचारून घ्यावं. क्रूझ कंपन्यांत साधारण याच मर्यादा असतात.

मोठी बॅग खूणचिठ्ठी लावून दिली की ती खोलीच्या दाराशी पोहोचते, पण लगेच नाही. हजार-दीड हजार माणसांच्या बॅगा क्ष-किरण यंत्रातून जातात, संध्याकाळ होते. म्हणून औषधं, एक जोडी कपडे, चष्मा आणि पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री, पाणी तापवायची किटली, साधी एक्स्टेन्शन कॉर्ड बॅगेत ठेवू नका. समुद्रावर आगीइतकी भीती कशाचीच नसते, त्यामुळे तापणाऱ्या वस्तू तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात. बॅग उशिरा येण्याचं निम्म्या वेळा कारण आत सापडलेली इस्त्री हेच असतं. युनिव्हर्सल अडाप्टर मात्र जरूर घ्या. पस्तीसेक वर्षांपूर्वी बांधलेल्या खोलीत सॉकेट मोजकेच असतात, आणि चार जणांचे चार फोन असतात.

खोली निवडताना लोक पैसे चुकीच्या ठिकाणी वाचवतात आणि चुकीच्या ठिकाणी घालवतात. बिनखिडकीची आतली खोली साधारण दहा बाय बाराच्या आसपास, त्यात न्हाणीघर अगदी चिंचोळं. दोघांना ती पुरते. तिसरा-चौथा प्रवासी भिंतीतून उघडणाऱ्या वरच्या बर्थवर झोपतो. त्याचं भाडं कमी असतं म्हणून चार जण एका खोलीत कोंबले जातात आणि मग सकाळी न्हाणीघरासमोर रांग लागते. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं असतील तर चालेल, चार मोठी असतील तर दोन खोल्या घ्या. एकटा माणूस गेला तर जवळजवळ दोघांचं भाडं बसतं, हेही लक्षात ठेवा.

ज्यांना बोट लागते त्यांनी मजला आणि जागा या दोनच गोष्टी पाहायच्या. खालचा मजला आणि लांबीच्या बरोबर मधली खोली. जहाज सी-सॉसारखं मध्यावर तोललेलं असतं, नाळेकडची आणि पिछाडीची टोकं सर्वांत जास्त वरखाली होतात. वरच्या मजल्यावर बाजूचा हेलकावा वाढतो. महागडी बाल्कनीची खोली वर आणि टोकाला मिळत असेल तर नाजूक पोटाच्या माणसाला ती जास्त पैसे देऊन घेतलेली शिक्षा आहे. स्टुजेरॉन किंवा अॅव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून, पोटात ढवळायच्या आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहतच नाही. शिवाय तिने झोप येते, तेव्हा तिच्यासोबत दारू नको. आलेपाकाच्या वड्या जवळ असू द्याव्यात. खोलीत पडून राहण्यापेक्षा डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहत बसलेलं बरं, कारण डोळे आणि कान मेंदूला दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात तेव्हाच मळमळतं.

जेवण ही या जहाजाची जमेची बाजू. मुख्य भोजनगृह आणि फूड कोर्टातलं जेवण भाड्यात धरलेलं असतं. शाकाहारी आणि जैन जेवणाची वेगळी काळजी घेतली जाते. कांदा-लसूण न खाणारे आजी-आजोबा कुरकुर न करता जेवतात ही आपल्याकडच्या कुटुंबांसाठी लहान गोष्ट नाही. दारू, काही खास उपाहारगृहं, स्पा यांचे पैसे वेगळे. मद्याचं पॅकेज घेण्याआधी मनाशी मोजा: दिवसाला किती पेले खरोखर घेणार, आणि बंदरावर उतरणार त्या दिवशी बारमध्ये किती तास बसणार. गोव्याच्या दिवशी बहुतेकांचं पॅकेज वाया जातं.

जाहिरातीतला आकडा दोघांत एक खोली धरून माणशी असतो. त्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क, जीएसटी चढतो. शेवटचा आकडा पाहिल्याशिवाय तुलना करू नका. किनाऱ्यापासून पुरेसं दूर गेलं की मोबाइलचा सिग्नल जातो. त्यानंतर फोनने जहाजावरचं सागरी नेटवर्क पकडलं तर बिल भलतंच येतं. बंदर सुटलं की फ्लाइट मोड लावा, हे घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर स्वतः करून द्या.

गोव्याच्या दिवसाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. जहाज पणजीला लागत नाही, मुरगावला लागतं, म्हणजे वास्कोच्या पलीकडे. तिथून पणजी ३० किलोमीटरच्या घरात, कळंगुट त्याहून पुढे. हाताशी असलेल्या सहा-सात तासांत ‘सगळा गोवा’ करायला निघालेली मंडळी टॅक्सीत दिवस काढतात आणि परतीला घामाघूम होऊन गेटवर येतात. त्यापेक्षा जवळचं बोगमाळो गाठा, निवांत पोहा, माशाचं जेवण जेवा. जुन्या गोव्याची चर्च पाहायची असतील तर फक्त तेवढंच ठरवा. सगळ्यांनी जहाजात परतण्याची वेळ सुटण्याच्या वेळेच्या बरीच आधी असते, आणि जहाज कुणासाठीही थांबत नाही.

इथवरचं वाचून जाणवेल की ही फेरी आम्हाला मनापासून आवडते. मुंबईला मुक्काम करणारी जहाजं याआधीही आली. स्टार क्रूझेसचं ‘सुपरस्टार लिब्रा’, कोस्टाची ‘निओक्लासिका’ आणि तिच्यामागची जहाजं, २०१८ मधली ‘आंग्रिया’, २०१९ मधली जलेशची ‘कर्णिका’. कुणी थोडा काळ, कुणी दोन-चार हंगाम, आणि मग गेली. ‘एम्प्रेस’ टिकली. नाहीतर समुद्रावरचे चार दिवस हवे असतील तर साडेपाच तासांचं विमान पकडून सिंगापूर गाठा, व्हिसा काढा, हॉटेलात एक रात्र घाला, असाच मार्ग होता. सत्तरीच्या आईला घेऊन तो मार्ग धरणं आणि लोकलने सीएसएमटीला उतरून जहाजात चढणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घराजवळचं बंदर मिळालं की कोण प्रवास करू शकतो हेच बदलतं.

तोच न्याय पुढे नेला तर प्रश्न कोकणाचा येतो.

मुंबई ते मुरगाव समुद्रमार्गे सुमारे २२५ सागरी मैल. या वाटेवर खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांतले हे चार. जगातल्या कुठल्याही किनाऱ्यावर एका रात्रीच्या वाटेत असे चार किल्ले असते तर क्रूझ कंपनीने फेरीचं नावच त्यांच्यावरून ठेवलं असतं. आपल्याकडे ते अंधारात मागे पडतात.

यावर नेहमी मिळणारं उत्तर असं: कोकणात एवढ्या मोठ्या जहाजाला धक्का नाही. हे अर्धं खरं आहे. पण हेच जहाज लक्षद्वीपमध्ये अगत्तीला जातं, तिथेही धक्का नाही. प्रवाळाच्या कड्याबाहेर जहाज उभं राहतं आणि प्रवासी लहान बोटींतून बेटावर जातात. जहाजवाले त्याला टेंडरिंग म्हणतात. कोकणाला ही पद्धत नवी वाटायचं कारणच नाही. भाऊच्या धक्क्याहून सुटणाऱ्या कोकण बोटींनी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं पिढ्यान्‌पिढ्या घेतली. कितीतरी ठिकाणी बोट बाहेर नांगर टाकायची आणि चाकरमानी ट्रंका, वळकट्या, पोरं-बाळं घेऊन पडावातून किनाऱ्याला लागायचे. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही शेवटची नावं १९८०च्या दशकापर्यंत लोकांच्या तोंडी होती. मग ते सगळं थांबलं.

आज थांबा द्यायचाच तर कुठे? तीन नावं विचारात घेण्यासारखी आहेत आणि तिघांचे गुण-दोष अगदी वेगळे आहेत.

जयगडला खरोखर खोल पाणी आहे. तिथल्या जेएसडब्ल्यूच्या बंदरात कोळसा आणि लोहखनिजाची अवाढव्य जहाजं लागतात, ‘एम्प्रेस’ला खोलीचा प्रश्नच येणार नाही. गणपतीपुळे तिथून साधारण २० किलोमीटर. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला मुंबईऐवजी रत्नागिरी जिल्ह्यातून चढता आलं तर त्याचा जवळजवळ निम्मा रस्ता वाचतो, त्यामुळे चढायच्या बंदराचा विचार करायचा तर जयगडचाच. अडचण धक्क्याची नाही, कामाची आहे. खनिज उतरवणारा धक्का प्रवाशांना देणं म्हणजे तेवढे तास मालाचं जहाज बाहेर ताटकळत ठेवणं. धूळ, चालती यंत्रं, सुरक्षेचं कुंपण यांतून म्हाताऱ्या माणसांना चालवत नेता येत नाही, गेटपर्यंत बस लावाव्या लागतील. वेगळी प्रवासी जेटी झाल्याशिवाय हे नीट जमणार नाही.

मालवणचं आकर्षण सर्वांत मोठं. समोर १६६४ ते १६६७ मध्ये बांधलेला सिंधुदुर्ग, मागे बाजारपेठ, आणि जेवणाबद्दल काही सांगायलाच नको. पण मालवणच्या समोरचा समुद्र खडकांनी भरलेला आहे. किल्ल्याला जाणारी होडीसुद्धा खडक चुकवत, ठरलेल्या वाटेनेच जाते. दोनशे मीटरचं जहाज बरंच बाहेर उभं करावं लागेल. जितकं बाहेर तितकी लाट मोकळी, आणि लहान बोटीत पाय टाकताना तेवढा धोका जास्त.

आमचं मत विजयदुर्गच्या बाजूने आहे. वाघोटन खाडीच्या मुखाशी वाळूची दांडी नाही, म्हणूनच आंग्र्यांच्या आरमाराने ही जागा धरली होती. किल्ल्याचं टोक दक्षिणेकडून आडोसा देतं. जेटीवर उतरलं की किल्ला पायी अंतरावर, गिर्ये गावातलं रामेश्वर मंदिर दोन-तीन किलोमीटरवर, देवगडच्या आंबा बागा तासाभरात. २०२५ मध्ये मुंबई-जयगड-विजयदुर्ग अशा रो-रो बोटीची (जिच्यात गाड्याही थेट चढवता येतात) घोषणा होऊन चाचणी झाली, तेव्हा शासनानेही याच दोन बंदरांवर बोट ठेवलं, हा योगायोग नाही.

वेळापत्रक कागदावर मांडून पाहा. मुंबई ते विजयदुर्ग सुमारे १४० सागरी मैल. ताशी १५ मैलांच्या वेगाने साडेनऊ तास. शुक्रवारी संध्याकाळी सहाला सुटलेलं जहाज शनिवारी उजाडायच्या आत नांगर टाकून उभं. दुपारी चारला नांगर उचलायचा. पुढे मुरगाव फक्त ७५ मैल, आणि त्यासाठी अख्खी रात्र हाताशी. म्हणजे जहाज सात-आठच्या वेगाने रमतगमत जाईल. वेग निम्मा झाला की लागणारी शक्ती निम्म्याहून कितीतरी खाली येते, साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात, त्यामुळे थांब्याचा काही खर्च इंधनातच भरून निघतो. रविवार गोव्यात, सोमवारी सकाळी मुंबई. तीन रात्री. हे जहाज ज्या कामासाठी बांधलं गेलं, नेमकी तीच लांबी.

आता अवघड भाग, कारण नुसत्या नकाशावर फेरी चालत नाही.

समजा १,२०० जण उतरणार. पन्नास जणांच्या बारा बोटी मिळाल्या, आणि भरणं, जाणं, उतरवणं, परत येणं धरून एका फेरीला चाळीस मिनिटं लागली, तर कागदावर तासाला ९०० माणसं जातात. प्रत्यक्षात निम्मी धरा. ज्येष्ठांना हात धरून उतरवावं लागतं, लाट बसेपर्यंत थांबावं लागतं, बोट पूर्ण भरत नाही. म्हणजे सगळ्यांना नेण्यात अडीच ते तीन तास, आणण्यात तेवढेच. दहा तासांच्या थांब्यात प्रत्येकाला जमिनीवर किमान साडेतीन-चार तास. किल्ला, देवळाचं दर्शन आणि पोटभर जेवण याला ते पुरतात. देवगडपर्यंत जाऊन यायचं असेल तर पहिल्या दोन फेऱ्यांतल्या लोकांनाच पाठवावं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. फेब्रुवारीनंतर कोकणात दुपार झाली की वायव्येचा वारा जोर धरतो आणि सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दोन-तीन वाजेपर्यंत उसळायला लागतं. म्हणून नेणं पहाटेपासून आणि शेवटची परतीची बोट दुपारी दोनच्या आत, हा नियम लवचीक ठेवून चालणार नाही. नोव्हेंबर ते जानेवारी हे सर्वांत भरवशाचे महिने. मेअखेर सगळं बंद, त्यात तडजोड नाही. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ मुंबईजवळच पावसाळी वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पावसाळ्यातल्या या किनाऱ्याला गृहीत धरायचं नसतं. ‘एम्प्रेस’सुद्धा पावसाळ्याच्या दिवसांत चेन्नईकडे जाऊन श्रीलंकेच्या फेऱ्या करत आली आहे, ते त्यामुळेच.

बोटी स्थानिक हव्यात, तांडेल आणि खलाशी त्याच खाडीतले हवेत. पण बोटींचं सर्वेक्षण प्रमाणपत्र, माणसांची ठरलेली संख्या आणि प्रत्येकाच्या अंगावर बांधलेलं लाइफ जॅकेट याशिवाय एकही फेरी होता कामा नये. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला अपघात झाल्यावर मुंबईत ही जाग आली. कोकणात ती पहिल्या दिवसापासून हवी.

जमिनीवर प्रश्न शौचालयांचा, सावलीचा आणि जेवणाचा. विजयदुर्ग लहान गाव आहे. एकाच वेळी हजार ताटं तिथे कुणीही वाढू शकणार नाही. जहाजावरच आदल्या संध्याकाळी कुपनं विकली, कोण कुठल्या वेळेला जेवणार ते ठरलं, आणि पाच-सहा महिला बचत गटांत ती वाटून दिली, तर घावणे, सोलकढी, काळ्या वाटाण्याची आमटी, सुरमईचं तिखलं गरम मिळेल आणि पैसा गावात राहील. न ठरवता हजार माणसं सोडली तर दुपारी एकला वडापावसुद्धा संपलेला असेल.

एक अडसर उघड बोलला जात नाही, तो जहाजावरच्या कॅसिनोचा. महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी नाही. नावापुरता असलेला १९७६ चा कॅसिनो कायदाही २०२३ मध्ये रद्द झाला. जहाज विजयदुर्गसमोर दहा तास उभं राहिलं तर तेवढा वेळ ती कमाई बंद, आणि प्रवासी जमिनीवर असल्याने बारही रिकामा. अगत्तीच्या दिवशीही जहाज हे सोसतं, कारण अगत्ती दाखवून तिकीट जास्त भावाला विकता येतं. विजयदुर्गचंही तसंच व्हायला हवं. थांबा म्हणून फुकट देऊ नये, फेरीचं मुख्य आकर्षण म्हणून विकावा. ‘मराठ्यांचं आरमार’ म्हणून आदल्या रात्री नाट्यगृहात तासाभराचं जाणकार व्याख्यान, सकाळी किल्ल्यावर प्रशिक्षित वाटाड्या. मुंबई-पुण्यातल्या मराठी घरांना याचे जास्तीचे पैसे जड वाटणार नाहीत.

कंपनीने नॉर्वेजियन क्रूझ लाइनकडून ‘स्काय’ आणि ‘सन’ ही आणखी दोन जहाजं भाड्याने घेण्याचा करार केल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. दोन्ही ‘एम्प्रेस’पेक्षा बरीच मोठी. ती मोठी जहाजं लांबच्या फेऱ्यांना गेली तर लहान, उथळ पाण्यात चालणारी ‘एम्प्रेस’ कोकणाला मोकळी होऊ शकते. असा विचार करायला यापेक्षा चांगली वेळ येणार नाही. केंद्राचं ‘क्रूझ भारत मिशन’ सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईतच सुरू झालं, तेव्हा राज्यातल्या बंदरांचं काम पाहणाऱ्या महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाने विजयदुर्गला एक तरंगती जेटी, तिच्यावर छप्पर आणि वीस शौचालयं इतकंच आधी करून द्यावं. बाकीचं नंतर होईल.

तोवर गावाला जायचंच असेल तर एक आडवाट आहे. वेळापत्रकात मुंबई-गोवा एकेरी फेरी मिळत असेल तर ती घ्यावी, मुरगावला सामानासकट उतरावं, मडगाव गाठून सावंतवाडीकडची गाडी पकडावी. सिंधुदुर्गच्या दक्षिण भागातल्या लोकांना ती बऱ्यापैकी सोयीची पडते, देवगड-कणकवलीच्या वर मात्र उलटा प्रवास फार होतो. परतीच्या पूर्ण तिकिटावर मधेच उतरता येईल असं गृहीत धरू नका, बुकिंगच्या वेळी लेखी विचारा.

आणि नेहमीची मुंबई-गोवा फेरी करणाऱ्यांनी शेवटच्या रात्री अभिप्राय मागितला जातो तेव्हा जेवणाला पाच तारे देऊन थांबू नये. सूचनांच्या रकान्यात थांब्याचं नाव लिहावं: विजयदुर्ग. जाताना किनारा डाव्या हाताला असतो, येताना उजव्या. हवा स्वच्छ असेल आणि जहाज फार बाहेरून चाललं नसेल, तर रात्री दीडच्या सुमारास डाव्या बाजूच्या डेकवर या. रत्नागिरीचं दीपगृह फिरताना दिसतं, तासा-दोन तासांनी देवगडचं, आणि उजाडायच्या आधी वेंगुर्ल्याच्या खडकांवरचं.